फिरवता न येणारा आहेर

आईच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात एक शंभरपानी वही असे. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली थेट माणसं. ‘अण्णा : छाती ३८, उंची २५, बाही १९.’ ‘दादा (वय ७) : छाती २४.’ ‘दादा (९) : २६, बाही दीड इंच जास्त धरणे.’ ‘मोठी आत्या : उजवा खांदा उतरता.’ सगळी मापं इंचांत आणि पेन्सिलीनं लिहिलेली, पण खोडलेलं एकही नाही. नवं माप आलं की ते जुन्याच्या खाली जायचं. त्यामुळे वही चाळताना भाचरं उंच होत जातात, काकूचा घेर बाळंतपणांनंतर बदलत जातो आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाखाली आकडे उतरत जातात : ३८, ३८, ३६, ३४. शेवटचं माप त्यांच्या आजारपणातल्या हिवाळ्यातलं. आजाराबद्दल आईनं वहीत एक अक्षरही लिहिलेलं नाही. ३४ च्या पुढे एवढंच आहे : ‘पुढून उघडा. बटणं मोठी.’ त्यांचे हात तेव्हा डोक्यावर जात नव्हते आणि बोटांना बारीक बटण सापडत नव्हतं.

हे पुस्तक त्या वहीतून निघालं आहे. यातले बरेचसे नमुने आईचे आहेत, काही मी पुढे शिकले ते, काही मैत्रिणींकडून हातोहात आलेले. पण नमुने आता कुठेही मिळतात. ज्या कारणासाठी हे पुस्तक करावंसं वाटलं ते कारण वहीतल्या त्या आकड्यांमध्ये आहे, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आधी मी एक रिकामी चौकट ठेवली आहे. त्यात नाव, माप आणि तारीख लिहा आणि मगच टाके घाला.

आपल्याकडे द्यायच्या-घ्यायच्या वस्तूंना सहसा माप नसतं. साडी, धोतर, उपरणं, शाल. खणाचा तर तुकडाच ओटीत घालायचा, चोळी जिची तिनं शिवून घ्यायची. न शिवलेलं कापड कोणाच्याही अंगाला होतं आणि म्हणूनच ते पुढे देता येतं. एका लग्नात आलेली साडी घडी न मोडता दुसऱ्या लग्नात जाते, तिथून तिसऱ्या. यात मला वावगं काही वाटत नाही. आहेर हा घराघरांना जोडणारा व्यवहार आहे, आणि तो चालू राहायचा तर वस्तू फिरती असावी लागते. हातानं विणलेला स्वेटर मात्र फिरवता येत नाही. तो एकाच छातीचा आणि एकाच उतरत्या खांद्याचा असतो. मोठ्या आत्याचा स्वेटर तिच्या सख्ख्या बहिणीला कधी नीट बसला नाही.

मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो. साडी मागावर विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, कोळी जाळं विणतो आणि आई स्वेटर विणते. पण मागावरचं कापड आणि सुयांवरचं कापड यांच्या घडणीत फरक आहे. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरून-खालून सरळ जातो. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासांतून ओवला जातो. प्रत्येक टाका म्हणजे एक वळसा, आणि ओढलं की तो वळसा लांबतो, सोडलं की परत येतो. म्हणून सुयांवर विणलेलं कापड अंगाबरोबर हलतं. पावलाच्या टाचेला वळण घेणारा मोजा न शिवता, न कापता करता येतो तो याच गुणामुळे. आज शिल्लक असलेल्या जुन्यात जुन्या विणकामांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत, अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानचे. कोणाच्या तरी पायाच्या मापाचे.

आणि जर्मनीतलं एक चित्र आहे, इसवी सन १४०० च्या आसपासचं, मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावावर असलेलं. त्यात येशूची आई मेरी बसून बाळासाठी अंगरखा विणते आहे, चार सुयांवर, गोल. अंगरखा जवळजवळ पुरा झालाय आणि काम गळ्यापाशी आलंय. ज्यानं हे रंगवलं त्यानं विणणारी बाई जवळून पाहिलेली असणार. गळ्याशी येऊन माणूस थांबतो, हे विणणारालाच माहीत असतं. डोकं जाईल एवढा गळा मोठा हवा आणि वारा शिरणार नाही एवढा लहान.

महाराष्ट्राला लोकर नवी नाही. धनगरांची दख्खनी मेंढरं आहेत आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी आहेत. ती लोकर जाडीभरडी आणि राठ. पाऊस आणि वारा अडवणाऱ्या घोंगडीला ती उत्तम, पण बाळाच्या गालाला लागणाऱ्या टोपड्याला नाही. दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा आपल्याकडे आले ते इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या शाळांमधून आणि गोऱ्या साहेबांच्या घरांमधून. ‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. पण हे परकं काम आपल्या बायकांनी इतकं आपलंसं केलं की त्याची परिभाषा पूर्ण मराठी झाली : सुलट, उलट, साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. ‘मुका खांब’ हे नाव ज्या कुणी ठेवलं तिला माझा नमस्कार. उंची फारशी न वाढवता गप्प बसणारा तो टाका, त्याला याहून नेमकं नाव सुचणार नाही. आणि ज्या क्षणी नावं मराठी झाली त्या क्षणी वस्तूही मराठी झाल्या. इंग्रज बाईच्या हातात लेसची कॉलर असेल, आपल्या हातात त्याच सुईनं दाराचं तोरण झालं, रुखवतातला रुमाल झाला, पाण्याच्या तांब्यावरचं झाकण झालं आणि बाळंतविड्यातलं टोपडं झालं.

आता मापाकडे येते, कारण माझ्या हातून पहिली चूक तिथेच झाली. पुस्तकात या चुकीला मी चार पानं दिली आहेत.

दादा वसतिगृहात राहायला गेला तेव्हा मी त्याच्यासाठी पहिला मोठा स्वेटर विणायला घेतला. छाती ९२ सेंटीमीटर, आतून शर्ट असणार म्हणून आठ सेंटीमीटर सैल धरले, एकूण १००. पुढचा भाग ५०, पाठ ५०. मासिकातल्या नमुन्यात लिहिलं होतं, दहा सेंटीमीटरला २२ टाके. म्हणजे ५० ला ११०. मी ११० टाके घातले, काठाला दहा नंबरच्या सुया, वर आठ नंबरच्या. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन.) महिनाभर विणलं. स्वेटर त्याच्या अंगात गेला तेव्हा आत आणखी अर्धा दादा मावला असता. माझा हात सैल. मासिकातल्या बाईच्या दहा सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसत होते, माझ्या दहामध्ये २०. टाके तेवढेच, पण ११० टाक्यांचे माझे झाले ५५ सेंटीमीटर. पुढचे पाच, पाठीचे पाच, एकूण दहा सेंटीमीटर जास्त. दोन टाक्यांच्या फरकानं सबंध स्वेटर गेला.

आईनं तो पाहिला आणि काही बोलली नाही. तिनं खालचा काठ दोन्ही हातांत धरून ताणला, सोडला, आणि विचारलं, ‘आधी तुकडा विणला होतास?’ नव्हता विणला. तळहाताएवढा चौकोनी तुकडा, बारा-पंधरा सेंटीमीटरचा, त्याच लोकरीचा आणि त्याच सुयांचा. तो धुवायचा, वाळवायचा आणि मधल्या दहा सेंटीमीटरमधले टाके टाचणी लावून मोजायचे. एका संध्याकाळचं काम. तुमचा हात कसा आहे ते तो तुकडा सांगतो, आणि ज्याच्यासाठी विणायचं त्याचं अंग कसं आहे ते टेप सांगते. या दोन मापांची गाठ घातली की मग नमुना कोणाचाही असो. आईचा हात घट्ट होता. तिच्या दहा सेंटीमीटरमध्ये चोवीस बसायचे. वहीत म्हणूनच तिनं टाक्यांचे आकडे कधी लिहिले नाहीत, फक्त माणसांची मापं लिहिली. टाके ज्याचे त्यानं काढावेत.

मग तो स्वेटर उसवला. उसवणं हे विणकामातलं अर्धं शिक्षण आहे आणि मला ते करायला आवडतं, हे मनापासून सांगते. टोकाची गाठ सोडवून धागा ओढला की ओळीमागून ओळ सुटत जाते, टर्र्र असा बारीक आवाज होतो आणि लोकर हातात येते ती कुरळी, शेवयांसारखी. महिनाभर टाक्यांत राहून तिला ते वळण लागलेलं असतं. आमच्या घरी ती पाटाभोवती गुंडाळून तिची लड करायचे, चार ठिकाणी सैल गाठी मारायचे, कोमट पाण्यात बुडवायचे आणि काठीवर टांगून खाली तांब्या अडकवायचे. तांब्याच्या वजनानं वळण जातं. वाळल्यावर लड एका मुलाच्या दोन हातांत अडकवायची आणि समोर बसून गुंडा करायचा. माझे हात कितीतरी दुपारी असे पुढे धरलेले आठवतात. डावा थोडा खाली, उजवा थोडा खाली, धाग्याबरोबर झुलणारे. समोर आई बसलेली. त्या दुपारी तिनं मला सांगितलेल्या गोष्टी इतर कधीच सांगितल्या नसत्या. दादाच्या त्या लोकरीचा पुढे त्याचाच दुसरा स्वेटर झाला, उरलेल्याचे आत्याचे मोजे. आमच्या घरातली एक हिरवी लोकर तर तीन माणसांच्या अंगावरून गेली आहे, आणि दर वेळी नव्यानं मापून. साडी फिरते तशीच म्हणायची, पण फिरताना ती दर वेळी पूर्ण मोडून, धुऊन, नव्या माणसासाठी पहिल्या टाक्यापासून उभी राहिली.

माप म्हणजे फक्त छाती आणि बाही नव्हे. माणूस कुठे राहतो हेही मापच आहे. निफाडला किंवा नागपूरला डिसेंबरातल्या पहाटे लोकर हवी. मुंबईत, कोकणात, गोव्यात ती बहुतेक वर्षभर पेटीत राहते. मुंबईच्या एका बाळाला मी एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा लोकरी झगा दिला होता. बाळाच्या आईनं माझ्या समाधानासाठी तो घातला आणि संध्याकाळपर्यंत बाळाच्या मानेवर घामोळं आलं. तो झगा मी माझ्या हौसेच्या मापाचा विणला होता. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या बाळांना मी सुती धाग्याचं क्रोशाचं टोपडं देते, खांबांच्या जाळीतून वारा जाईल असं.

लोकर म्हणून दुकानात जे मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं, हे सांगितलंच पाहिजे. ते वाईट नाही. टोचत नाही, धुवायला सोपं, आटत नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाचा होऊन बाहेर येतो. ॲक्रिलिकचं तसं होत नाही, पण ते आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत अजूनही शेगडी येते, बाळाला शेक आणि धुरी देतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकचं काहीही असू नये. तसंच टोपड्याला गळ्याशी लांब नाडी नको, मणी नको, मोत्याचं बटण नको. मोज्याच्या आत लोंबता धागा ठेवू नका. बाळाच्या बोटाभोवती तो गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय हे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक टोक सुईनं आत लपवा, मग मोजा उलटा करून स्वतःच्या करंगळीनं आतून चाचपा.

ज्याचं माप ठाऊक नाही अशा माणसासाठी विणायची वेळ या देशावर एकदा आली होती. १९६२ च्या हिवाळ्यात चीनशी युद्ध झालं तेव्हा गावोगावच्या बायका जवानांसाठी विणत होत्या. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला स्वेटर जमत नव्हता, म्हणून तिनं मफलर विणला. मफलरला माप लागत नाही. पण ती सांगायची की विणताना तिनं एक उंच माणूस मनात धरला होता आणि मफलर हातभर जास्त लांब केला, दोन वेढे बसावेत म्हणून. तो कोणाच्या गळ्यात गेला ते कळलं नाही. वहीच्या आधीच्या काळातलं तिचं ते पहिलं माप.

आणि आता एक गोष्ट जी मला सलते. ‘इतकं छान विणतेस, विकत का नाहीस?’ असं प्रत्येक विणणारीला कोणीतरी विचारतं, आणि ते कौतुकानंच विचारतं. हिशोब करून पाहा. दादाच्या त्या स्वेटरच्या मासिकातल्या नमुन्याप्रमाणे दहा बाय दहा सेंटीमीटरच्या चौकोनात २२ टाके आडवे आणि साधारण २८ ओळी उभ्या, म्हणजे सहाशेच्या वर टाके. पुढा, पाठ, दोन बाह्या मिळून पन्नास-साठ हजार. सराईत हाताचे मिनिटाला तीस टाके धरले तरी तीस तासांच्या आसपास काम, मापं घेणं, शिलाई आणि उसवणं सोडून. अर्धा किलो लोकरीची किंमत वेगळी. त्या तीस तासांची रास्त मजुरी लावून स्वेटर विकायला ठेवला तर तो कोणी घेणार नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या. ती लेस परदेशात जाते. मारिया मीस या अभ्यासिकेनं १९८२ साली त्यांच्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात एक गोष्ट नेमकी दाखवली आहे. या बाया कामगार नाहीत, घरी बसलेल्या गृहिणी आहेत आणि फावल्या वेळात विणतात, असं एकदा ठरवलं की त्यांना वाटेल तेवढी कमी मजुरी देता येते. हा ‘फावला वेळ’ मी आईच्या आयुष्यात कधी पाहिला नाही. तिनं विणलं ते कुकरच्या शिट्यांच्या मध्ये, दवाखान्याच्या बाकावर, अण्णांच्या उशाशी. जी विणून विकते तिला पूर्ण मोल द्या, घासाघीस करू नका. आणि जी विणून देते तिला किंमत विचारू नका.

क्रोशाला दोन सुयांपेक्षा जागा कमी लागते, आणि म्हणून मुंबईनं तो जपला. एकच आकडा, एकच टाका सुईवर, गाडीला धक्का बसला तरी सगळं सुटत नाही. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल सुटली, त्याच्या आधीपासून आणि नंतरही बायकांच्या डब्यात मटार सोलण्याच्या आणि पालेभाजी निवडण्याच्या बरोबरीनं क्रोशा चालत आला. या पुस्तकातलं गोल रुमालाचं प्रकरण मला अशाच एका डब्यात मिळालं. बोरिवलीला बसलेल्या बाईंनी सहा साखळ्यांचा गोल जुळवला, त्यात बारा खांब घातले, आणि दादरपर्यंत मला चौथी फेरी येत होती. नाव विचारायचं राहिलं. पुढे तो रुमाल मी भाचीच्या रुखवतात मांडला.

देताना दोन गोष्टी बरोबर द्या. एक, चिठ्ठी : लोकर कोणती, धुवायचं कसं, वाळवताना टांगायचं नाही, आडवं पसरायचं. ओला स्वेटर दोरीवर टांगला की स्वतःच्या वजनानं गुडघ्यापर्यंत येतो. दुसरी, त्याच लोकरीची सुपारीएवढी गुंडी. कोपर झिजलं, खिळ्याला अडकून टाका तुटला, तर रंग जुळवायला दुकानं पालथी घालावी लागत नाहीत. आई ही गुंडी आतल्या शिवणीला बांधून द्यायची. अण्णांच्या त्या पुढून उघड्या स्वेटरला ती अजून तशीच बांधलेली आहे.

वही आता माझ्याकडे आहे आणि तिची शेवटची काही पानं माझ्या अक्षरात आहेत, सेंटीमीटरमध्ये. सध्या दादाच्या मुलीसाठी, म्हणजे तिच्या बाळासाठी, कुंची विणते आहे. न जन्मलेल्या बाळाचं माप कोणी घेऊ शकत नाही. नवजात बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतं, तेवढ्यावर मी काम सुरू केलं आणि कपाळापाशी एक सुलट एक उलट असा काठ ठेवला, जो दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे सांभाळून घेतो. आमच्या घरी बाळ यायच्या आधी त्याची वस्तू पुरी करत नाहीत. आईही करत नसे. विणायची सगळं, पण टाके बंद करायची नाही. सुई टाक्यांतच ठेवून काम पंच्यात गुंडाळून ठेवायची. निरोप आला की शेवटची ओळ.

भाचीला दिवस भरत आले आहेत. चौकटीत तारीख नाही, नावाची जागा बारशापर्यंत रिकामीच राहणार. पिवळी कुंची पंच्यात आहे, दहा नंबरच्या सुईवर एकोणऐंशी टाके.